अठरा फुटी भाल्याला आठ फुटी कोयता भारी कसा पडला? (फ्लॉडन, १५१३)

दगडफूल

गेल्या मे महिन्यात ऑस्ट्रियात ग्राझला जाणं झालं. तिथे सतराव्या शतकातलं एक शस्त्रागार अजून जसंच्या तसं उभं आहे. बत्तीस हजारांच्या आसपास वस्तू, आणि त्याही काचेच्या कपाटात नटवून ठेवलेल्या नाहीत, कोठारात रचून ठेवाव्यात तशा. आमचे हे बंदुकांपाशी रमले. मी मात्र त्या लांब दांड्यांच्या शस्त्रांपाशी अडकले ती अडकलेच. कोपऱ्यात खराटे उभे करावेत तशी ओळीनं उभी होती.

त्यातलं हॅलबर्ड बघून मला आमची रत्नागिरीची आकडी आठवली. लांब काठी, टोकाला आकडा, फांदी ओढायची आणि आंबा झेल्यात घ्यायचा. हॅलबर्डला एका बाजूनं कुऱ्हाडीचं पातं, पाठीमागे आकडा आणि वर लांब अणी. म्हणजे तोडा, ओढा नाहीतर भोसका, तिन्ही सोयी एकाच दांड्यावर. जर्मनमध्ये त्याला हेल्मबार्टे म्हणतात, दांड्याची कुऱ्हाड. आकडा कशाला, तर घोड्यावरच्या सरदाराला खाली ओढायला. चिलखत घातलेला माणूस एकदा खाली आला की पुढचं काम अणी करते.

हे स्विस लोकांचं लाडकं हत्यार. १३१५ मध्ये मॉरगार्टनला डोंगर आणि तळं यांच्यामधल्या चिंचोळ्या वाटेवर त्यांनी ऑस्ट्रियाच्या घोडदळाला गाठलं, आणि दाटीत अडकलेल्या सरदारांना या दांड्यांनी झोडपलं. पण अडचणीच्या वाटेवर जे जमलं ते उघड्या मैदानावर जमेना. १४२२ मध्ये आर्बेदोला मिलानचे चिलखतधारी घोड्यांवरून उतरून लांब भाले घेऊन पायी आले, आणि हॅलबर्ड तोकडं पडलं. तिथून स्विसांनी आपल्या रांगांत पाइक वाढवली. (हा शब्द आणि आपला पायदळातला पाईक यांचा काही संबंध नाही, पण मला दर वेळी गंमत वाटते.) पाइक म्हणजे सोळा ते अठरा फुटांचा भाला. अ‍ॅशच्या लाकडाचा, टोकाकडे निमुळता होत जाणारा, आणि फाळाच्या खाली दांड्याला लोखंडी पट्ट्या ठोकलेल्या. बाहेरच्या रांगांत पाइक, आत निशाणाभोवती हॅलबर्ड. ही अशी फौज घेऊन १४७६-७७ मध्ये त्यांनी बर्गंडीच्या चार्ल्सला तीन लढायांत लोळवलं. तिसऱ्या लढाईत, नान्सीला, तो स्वतः मेला. प्रेत काही दिवसांनी बर्फात सापडलं.

त्यानंतर सगळ्या युरोपला पाइकचं वेड लागलं. इथे माझी खरी गोष्ट सुरू होते.

१५१३. इंग्लंडचा आठवा हेन्री फौज घेऊन फ्रान्समध्ये उतरलेला. फ्रान्सची आणि स्कॉटलंडची दोस्ती जुनी, म्हणून स्कॉटलंडचा राजा चौथा जेम्स उत्तरेकडून इंग्लंडमध्ये घुसला. फ्रान्सनं त्याला पाइक पाठवल्या होत्या, आणि त्या चालवायला शिकवणारे कप्तानही. स्कॉटिश लोकांना भाल्यांची भिंत उभी करणं नवीन नव्हतं. पण ही नवी तालीम वेगळी होती. ती उभं राहण्याची नव्हती, चालून जाण्याची होती.

समोर इंग्लंडचा सरेचा अर्ल, वय सत्तरीच्या घरात. जेम्स फ्लॉडनच्या टेकडीवर तोफा रोखून बसला होता. तिथे समोरून चढणं म्हणजे मरणच, म्हणून म्हाताऱ्यानं सरळ वळसा घातला आणि उत्तरेकडून त्याच्या पाठीमागे आला. जेम्सला घाईघाईनं ब्रँक्स्टनच्या टेकडीवर सरकावं लागलं. ९ सप्टेंबरची दुपार, पावसाचे दिवस. आधी तोफा वाजल्या. स्कॉटिश तोफा मोठ्या, किल्ले फोडायच्या. उतारावरून खाली नेम धरायला जड. इंग्रजांच्या हलक्या आणि पटापट उडणाऱ्या. तो मार खात उभं राहण्यापेक्षा उतरलेलं बरं, असं ठरलं. जर्मन पद्धतीनं, म्हणजे गलका न करता, रांगा धरून ते उतरू लागले. चिखलात पाय घसरू नयेत म्हणून कित्येकांनी बूट काढून टाकल्याचं सांगतात.

वरून जे दिसत नव्हतं ते खाली होतं: पायथ्याशी ओहोळ आणि दलदल. पुढची रांग त्यात फसली, मागची तिच्यावर आली. पलीकडे लगेच चढ. रांगा विस्कटल्या, वेग गेला. आणि पलीकडे इंग्रज उभे होते बिल घेऊन. बिल म्हणजे काय, तर कुंपण छाटायचा कोयता, लांब दांड्यावर बसवलेला. सुमारे आठ फूट. डरहॅमच्या बिशपनं त्याच महिन्यात लिहिलेल्या पत्रात म्हटलंय की ज्या लांब भाल्यांवर स्कॉटांची सगळी भिस्त होती, ती बिलांनी पार फोल ठरवली.

संध्याकाळपर्यंत स्कॉटलंडचा राजा, सेंट अँड्र्यूजचा आर्चबिशप (हा राजाचाच अनौरस मुलगा), कितीतरी अर्ल आणि साधारण दहा हजार माणसं मेली, असा अंदाज देतात.

माझं म्हणणं एवढंच: पाइक हे हत्यार नव्हतंच, ती एक चाल होती. चालतंय तोवर तिच्यासमोर कुणी नाही, आणि थांबलं की हातात उरतो अठरा फुटांचा वासा. जाणकारांनी भर घालावी, चुकलं असेल तर कान धरावा.

आंबोळी

ताई, मस्त लिहिलंय. वाचनखूण साठवली.
बाळबोध प्रश्न: १) अठरा फुटांचा भाला घेऊन माणूस चालतो कसा? २) समोरचा माणूस टोक चुकवून आत शिरला तर पाइकवाला करतो काय?

दगडफूल

अजिबात बाळबोध नाही.

चालताना खांद्यावर. नाहीतर फाळाकडचं टोक हातात धरून बाकीचा भाला मागे फरफटत न्यायचा, त्याचीही रीतसर कवायत होती. १६०७ मध्ये याकोब द खेन या डच चित्रकाराची चित्रं असलेलं कवायतीचं पुस्तक निघालं, त्यात पाइक उचलण्यापासून टेकवण्यापर्यंतची एकेक पायरी काढलेली आहे. घोडदळ आलं तर भाल्याचा बुंधा उजव्या पावलाशी रोवायचा, डाव्या हातानं भाला तिरपा धरायचा आणि उजव्या हातानं तलवार उपसून ठेवायची. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही थोडंफार यातच आहे.

बाकी आत शिरणं वाटतं तेवढं सोपं नाही. पहिल्या रांगेचं टोक चुकवलंत तर दुसऱ्या रांगेचं असतं, मग तिसरीचं, चौथीचं. चार रांगांची टोकं पहिल्या माणसाच्या पुढे येतात. एकट्या पाइकवाल्याला कुणीही मारील. शंभर जणांच्या चौकोनाला मात्र अंगच नसतं, नुसते काटे असतात.

आणि हो, सतराव्या शतकात अशा तक्रारी आहेत की शिपाई वागवायला सोपं जावं म्हणून गुपचूप फूटभर दांडा कापून टाकतात. माणूस इथून तिथून सारखाच.

करवीरकर

लेख चांगला आहे, पण लांबी जड जाते हे काय पटलं नाही. आमच्या जोतिबाच्या चैत्र यात्रेला या. सासनकाठ्या बघा, तीस-तीस फुटांच्या वर. एक गडी पेलतो, नाचवतो सुद्धा. अठरा फुटाचं काय घेऊन बसलाय.

दगडफूल

करवीरकर, सासनकाठी मी पाहिली आहे आणि पेलणाऱ्यापुढे हात जोडते. पण दोन गोष्टी बघा. एक, ती उभी असते, म्हणजे भार सरळ खाली कमरेवर येतो. दोन, तिला चारी बाजूंनी तोरण्या धरणारे असतात. पाइक आडवी धरायची, तीही बुंध्याकडून. सासनकाठी आडवी करून एका टोकाला धरा आणि मग नाचवा!

करवीरकर

हे बरोबर हाय. आडवी नाही धरता येणार. माघार.

स्टुटगार्टचा बंड्या

मी इथे जर्मनीत दर गुरुवारी एका जुन्या शस्त्रविद्येच्या क्लबात जातो. नोकरी आयटीत, त्यामुळे कंबर मोकळी करायला. आमच्याकडे सरावाला पाचेक मीटरचे दांडे आहेत, त्यामुळे हातानं अनुभवलेलं सांगतो.

वजन हा मुद्दाच नाही. अडीच-तीन किलो असतं. मुद्दा टोकाचा आहे. बुंध्याशी मनगट बोटभर हललं की टोक हातभर हलतं. आणि एकदा हलायला लागलं की थांबत नाही, थरथरत राहतं. समोरच्यानं त्यावर नुसती टिचकी मारली तरी परत नेमावर आणायला अर्धा श्वास जातो. एकास एक खेळताना ज्याच्या हातात हॅलबर्ड आहे तो पहिली टिचकी मारून आत येतो, आणि मग माझ्या हातात तो वासा, ताईंनी म्हटलं तसा. पण आम्ही चौघं खांद्याला खांदा लावून उभे राहिलो तेव्हा तोच हॅलबर्डवाला पुढे यायला तयार होईना. आमच्यात सरस कुणीच नव्हतं, त्याला नुसती जागाच नव्हती.

अजून एक. धरायची जागा. जर्मन लान्ड्सक्नेख्ट (सम्राट मॅक्सिमिलियननं स्विसांच्या धर्तीवर उभं केलेलं भाडोत्री पायदळ) बुंध्याकडून धरत, म्हणजे लांबी पुरेपूर मिळते. स्विस मधोमध धरत आणि सरळ घुसत. १५४४ च्या चेरेझोलेच्या लढाईत मोंल्युक नावाच्या फ्रेंच कप्तानानं आपल्या गॅस्कन शिपायांना हेच सांगितलं होतं: लांबवरून टोचाटोची करण्यात जर्मन तुमच्यापेक्षा तरबेज आहेत, तेव्हा भाला अर्ध्यावर धरा आणि स्विसांसारखे धावून आत शिरा. त्यानं स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवलंय. म्हणजे लांब भाला हाताशी असताना शहाणा माणूस तो मुद्दाम आखूड करून वापरत होता.

पेठेतला

सगळं काव्य छान आहे. पण वस्तुस्थिती अशी की लांब दांड्याचं युग बंदुकीनं संपवलं आणि ते १५०३ मध्येच संपवलं. चेरिन्योला. स्पॅनिश सेनापती गोन्साल्वो दे कोर्दोबा यानं खंदक खणला, मागे मातीचा बांध घातला, बांधावर बंदूकवाले बसवले. फ्रेंच घोडदळ आणि स्विस पाइकवाले आले आणि खंदकाशी मेले. फ्रेंच सेनापतीसुद्धा मेला. त्यावर शिक्कामोर्तब १५२२ ला बिकोकामध्ये झालं. मिलानजवळ. स्विसांचा पगार थकलेला, ते म्हणाले पैसे द्या, घरी सोडा, नाहीतर आजच लढाई द्या. दिली. पुढे खोलगट रस्ता, त्यापलीकडे बांध, बांधावर बंदुकांच्या चार रांगा. तीन हजार स्विस अर्ध्या तासात गेले. तुमच्या फ्लॉडनला चिखल होता म्हणून पाइक हरली, पण बिकोकाला कुठे चिखल होता?

दगडफूल

पेठेतले, तुमची वाटच बघत होते.

बिकोकाला चिखल नव्हता, खोल रस्ता होता. चेरिन्योलाला खंदक होता. फ्लॉडनला ओहोळ. तिन्ही ठिकाणी धावती रांग आधी जमिनीनं थांबवली, मग हत्यारानं मारली. एकीकडे बंदुकीनं, दुसरीकडे कोयत्यानं. तुम्ही माझाच मुद्दा सजवून परत दिलात.

आणि बिकोकाचा अर्धा भाग सांगायचा राहिला. त्या बंदूकवाल्यांच्या मागे कोण उभं होतं? गेओर्ग फॉन फ्रुन्ड्सबेर्गचे लान्ड्सक्नेख्ट, पाइक घेऊन. गोळ्यांतून वाचून जे स्विस बांधावर चढले त्यांना ढकललं ते पाइकनंच. नुसते बंदूकवाले असते तर ते बांध सोडून पळाले असते. एक बार काढून दुसरा भरेपर्यंत भालेवाला तुमच्या छातीशी येतो. युग १५०३ मध्ये संपलं म्हणता, तर फ्रान्सनं फौजेतून पाइक काढली ती १७०३ मध्ये. बंदुकीच्या तोंडाला संगीन बसायला लागल्यावर. म्हणजे बंदूक स्वतःच आखूड भाला झाली तेव्हा.

पेठेतला

दोनशे वर्षं सरकारी यंत्रणेत एखादी गोष्ट टिकली म्हणजे ती उपयोगाची होती हे पुण्यात राहून मी मान्य करणार नाही.

पण एक शंका प्रामाणिक आहे, मुद्दाम काड्या घालत नाही. फ्लॉडनलाच स्कॉटांच्या डाव्या फळीवर होम आणि हंटली यांचे लोक होते. तेही पाइकवाले. समोर एडमंड हॉवर्डचे बिलवाले. तिथे पाइकनं बिलाची दाणादाण उडवली की. मग तुमच्या शीर्षकातला आठ फुटी कोयता तिथे कुठे गेला होता?

दगडफूल

हा खरा प्रश्न. तो धाग्यातच यायला हवा होता. मी गाळला ही माझी चूक.

तीच टेकडी, तोच दिवस, तीच हत्यारं. पण डाव्या बाजूला खालची जमीन बरी होती, ती दलदल तिथे नव्हती. होमचे लोक रांग न मोडता पोचले आणि इंग्रजांची ती फळी फुटली. हॉवर्ड कसाबसा निसटला. इंग्रजांच्या राखीव घोडदळानं मध्ये पडून ती बाजू सावरली, नाहीतर चित्र वेगळं असतं. म्हणजे शीर्षकातलं उत्तर तुमच्याच प्रश्नात आहे: कोयता भारी नव्हता. ओहोळाच्या अलीकडे उभा असलेला कोयता भारी होता.

उजव्या टोकाचंही सांगते. तिथे डोंगराळ भागातले हायलँडर होते, त्यांना स्टॅन्लीच्या धनुर्धाऱ्यांनी बाजूनं येऊन पळवलं. मधल्या पाइकवाल्यांवर मात्र बाण फारसे चालले नाहीत, कारण पुढच्या रांगांत चांगली चिलखतं होती. मारामारी शेवटी दांड्यांवरच आली.

पेठेतला

ठीक. निम्मं मान्य. निम्मं उद्या.

रॉनीन_०७

लान्ड्सक्नेख्टकडे ती माणसाएवढी दोन हाती तलवार असायची ना? तिनं ते पाइकचे दांडे सपासप कापायचे असं सगळ्या गेममध्ये दाखवतात. दुप्पट पगार असायचा त्यांना.

स्टुटगार्टचा बंड्या

रॉनीन, दुप्पट पगार खरा. डॉपेलझोल्डनर, शब्दाचा अर्थच तो. पण तो फक्त तलवारवाल्याला नाही, पुढच्या रांगेत उभं राहण्याचा धोका पत्करणाऱ्या कुणालाही.

कापण्याचं विचारशील तर आम्ही करून पाहिलं. अ‍ॅशचा दांडा खांबाला बांधला तर तुटतो. माणसाच्या हातात सैल असेल तर घाव बसला की तो बाजूला झोलकांडतो, कापला जात नाही. हवेत लोंबणारा दोर कापून बघ म्हणजे कळेल. शिवाय फाळाच्या खाली लोखंडी पट्ट्या असतातच, त्या त्यासाठीच. मोठ्या तलवारीचं काम दांडे बाजूला सारून फट पाडण्याचं आणि निशाण राखण्याचं.

आता तू विचारशील की मग फ्लॉडनला बिलांनी कसे कापले. माझं मत: रांग चेपून उभी होती, दांडे एकमेकांत अडकले होते, आणि अडकलेला दांडा म्हणजे खांबाला बांधलेलाच.

दगडफूल

बंड्या, हे मला सुचलं नव्हतं. लाख मोलाचं.

याला जोडून राव्हेना, १५१२. तिथे स्पॅनिश शिपाई ढाल-तलवार घेऊन फ्रेंचांच्या बाजूनं लढणाऱ्या लान्ड्सक्नेख्टांच्या पाइकखालून वाकून आत घुसले आणि आतल्या दाटीत कापाकापी केली. माकियाव्हेलीला हे इतकं आवडलं की त्यानं यावरून पायदळाचा सिद्धान्तच मांडला. पण तीही चूल नीट पेटली नाही, कारण फ्रेंच घोडदळ बाजूनं आलं आणि ढाल-तलवारवाल्यांना उघड्यावर घोडे रोखायला काहीच नव्हतं. लढाई फ्रेंचांनी जिंकली. जिंकताना त्यांचा तरुण सेनापती गास्तों द फ्वा मात्र गमावला.

गवतीचहा

मला लढायांपेक्षा त्या बिलाचं आकर्षण वाटलं. कुंपण छाटायचा कोयता लढाईला नेला म्हणजे लोहाराला नवीन काही शिकायलाच नको. शेतकऱ्यालाही नाही. ज्यानं वर्षभर काटेरी झुडपं ओढून छाटली त्याच्या मनगटाला ती ओढ पाठ असणार. पाइक मात्र घरी कोण चालवतो? ती शिकवायला कप्तान लागतात. जेम्सच्या लोकांना शिकायला किती दिवस मिळाले असतील?

दगडफूल

थोडेच. ऑगस्टमध्ये फौज सीमेपलीकडे गेली, ९ सप्टेंबरला लढाई. स्विस पोर लहानपणापासून गावच्या तालमीत याच रांगांत वाढायचं, आपल्या शेजाऱ्याच्या खांद्याला खांदा लावून. जेम्सनं हत्यार आणलं, पण ते शेजारपण बोटीतून आणता येत नाही.

आंबोळी

गवतीचहा, आमच्याकडे साताऱ्याला मर्दानी खेळात विटा असतो ना, दोरी बांधलेला भाला? फेकायचा आणि दोरीनं परत ओढायचा. त्यात एकट्या माणसाची करामत. हे सगळं वाचून वाटतंय की तिकडच्या या प्रकारात करामतीला जागाच नाही.

स्टुटगार्टचा बंड्या

पाइकमध्ये नाही. हॅलबर्डमध्ये भरपूर आहे. आणि पोलअ‍ॅक्स म्हणून एक आहे, माणसाच्या उंचीहून थोडा जास्त दांडा, एकीकडे कुऱ्हाड किंवा हातोडा, मागे चोच, वर अणी. ते उमरावांचं हत्यार. चिलखतावर तलवार घसरते, हातोडा घसरत नाही, आतलं हाड मोडतो. दोन सरदारांच्या द्वंद्वात हेच. पंधराव्या शतकात बर्गंडीत त्यावर एक अख्खं शिकवणीचं पुस्तक लिहिलं गेलं, आणि त्यात दांड्याचं खालचं टोक वरच्याइतकंच वापरायला शिकवलंय. हाणायचं कमी, अडकवायचं आणि ढकलायचं जास्त. आमचे सर म्हणतात, ही कुस्तीच, फक्त मध्ये एक काठी आहे.

इनामदार_वाडा

धागा फार चांगला चाललाय म्हणून एक भर. व्हॅटिकनमध्ये पोपच्या स्विस गार्डच्या हातात अजूनही हॅलबर्ड असतं. १५०६ मध्ये ही तुकडी आली. आज ते हॅलबर्ड बघून पर्यटकांना शोभेचं वाटतं, पण ६ मे १५२७ ला सम्राट पाचव्या चार्ल्सच्या बेभान झालेल्या फौजेनं रोम लुटलं, त्यात लान्ड्सक्नेख्टच जास्त होते, तेव्हा १८९ पैकी १४७ गार्ड पोप सातव्या क्लेमंटला निसटायला वेळ मिळावा म्हणून मेले. आजही नव्या गार्डची शपथ सहसा ६ मे लाच होते.

इंग्रज फौजेत तर हॅलबर्ड अठराव्या शतकाच्या शेवटपर्यंत सार्जंटच्या हातात होतं, पण ते मारायला नव्हे. रांग सरळ करायला, म्हणजे शिपायांच्या छातीला आडवं लावून ढकलायला. आपले भालदार-चोपदार आठवा. हत्याराचा हुद्दा होतो.

पेठेतला

उरलेलं निम्मं. काल रात्री चेरेझोलेबद्दल वाचलं, बंड्यानं उल्लेख केलेली. तिथे मोंल्युकनंच एक युक्ती केली होती. पाइकवाल्यांच्या पहिल्या रांगेच्या लगेच मागे बंदूकवाल्यांची रांग लावली. समोरासमोर भिडल्यावर शत्रूच्या पुढच्या रांगेतले कप्तान टिपायचे, अशी मसलत. भिडल्यावर बघतो तर समोरच्यांनीही तेच करून ठेवलेलं. दोन्हीकडची पहिली रांग एका झटक्यात आडवी झाली.

तेव्हा माझं दुरुस्त केलेलं मत: बंदुकीनं पाइक संपवली नाही, तिच्या खांद्यावर बसून चालायला शिकली.

दगडफूल

पेठेतले, हे वाक्य मी चोरणार.

गवतीचहा

जेम्सचं पुढे काय झालं? राजा पुढच्या रांगेत कशाला गेला?

दगडफूल

सगळ्यांनी हेच विचारलं, तेव्हाही. सरे मागे थांबून लढाई चालवत होता, जेम्स स्वतः पाइकच्या चौकोनात पुढे. त्यामुळे डावी बाजू जिंकतेय हे त्याला कळूनही तो काही करू शकत नव्हता. खुद्द सरेपासून भालाभर अंतरावर तो पडला असं सांगतात. अंगावर बाणाच्या आणि बिलाच्या जखमा. हेन्री फ्रान्समध्ये होता, म्हणून राणी कॅथरिननं जेम्सचा रक्तानं माखलेला अंगरखा त्याला तिकडे धाडला. प्रेत बेरिकला नेऊन मसाला भरून लंडनकडे पाठवलं. पोपनं त्याला धर्मबाह्य केलेलं असल्यानं ते नीट पुरलंही नाही, शीनच्या मठात पडून राहिलं.

करवीरकर

परवा माघार घेतली होती, पण डोकं काय शांत बसेना. गावातल्या मांडववाल्याकडून अठरा फुटांचे बांबू आणले, बारा. पोरं जमवली आणि शाळेच्या मैदानावर आडवे धरून चालवलं.

पहिल्या पाच मिनिटात हात भरून आले. शेंडे सगळे जमिनीकडे. मग ओरडून पाय मिळवले, डावा-उजवा केला, आणि खरंच सांगतो, तीन रांगा एकदम पुढं आल्या तेव्हा समोर उभा असलेला आमचा पैलवान पण बाजूला सरला. काय हिंमत झाली नाही त्याची.

मैदानाच्या कडेला पाण्याचा पाट आहे, कोरडाच होता, गुडघ्याएवढा. म्हटलं पार करू. पहिली रांग उतरली, मागच्यांचे शेंडे त्यांच्या डोक्यावर, मधल्या दोघांचे बांबू एकमेकांत घुसले, आणि सगळं जागच्या जागी अडकलं. पैलवान पलीकडून नुसता हसत होता. त्यानं शाळेचा खराटा उचलला आणि एकेकाच्या बोटांवर मारत गेला.

दोन बांबू चिरलेत. मांडववाल्याला काय सांगायचं ते सुचवा.